पियानोच्या शेवटच्या पट्ट्या

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी भांडकुदळ नाही. माझा आवाज मोठा आहे, एवढंच. आणि तोही मूळचा नाही. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझ्या सासूबाई शेजारणींना विचारायच्या, "हिच्या तोंडात जीभ आहे का, कुणी बघितलीय?" आज कोपऱ्यावरचा भाजीवाला मला लांबून येताना बघितलं की आपणहून भाव उतरवतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं असं आहे. तांब्याच्या कारखान्याची गल्ली म्हटलं की गावातले लोक कानांत बोटं घालतात. तिथल्या बायका फार ओरडतात म्हणे. अहो, ओरडू नको तर काय करू? ज्याच्याशी बोलायचं त्याला ऐकू तर गेलं पाहिजे!

ज्याच्याशी बोलायचं ते म्हणजे आमचे हे. माझा नवरा. कारखान्यात ह्यांना सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण ह्यांचा हातोडा घड्याळाच्या काट्यासारखा एकसारखा पडायचा. आमच्याकडे तांब्याची मोठमोठी भांडी बनतात. रंगाच्या कारखान्यांना लागतात तशी, माणूस आत उभा राहील एवढाली. पत्रा वाकवून, जोडून भांडं तयार झालं की त्याच्या सगळ्या अंगावर एकाला एक लागून ठोके मारत जायचं. त्याने तांबं कठीण होतं आणि भांड्याला चकाकी येते. याला मठारणं म्हणतात. बाहेरून दोघं ठोकतात आणि आत एकजण लोखंडाचा ठोकळा पत्र्याला टेकवून बसतो, म्हणजे पत्रा आत दबत नाही. आत बसायला लहान अंगाचं माणूस लागतं. म्हणून पोरांना आत बसवायचे. हे शाळा सोडून कारखान्यात गेले ते थेट भांड्याच्या पोटात गेले. मिशा फुटल्यावर बाहेर आले आणि हातोडा हातात घेतला.

लग्नाच्या वेळी हे गायचे. खोटं नाही सांगत. संध्याकाळी कामावरून येताना जिन्यात गुणगुणत यायचे आणि आमच्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर गाणं पुरं व्हायचं. शेजारच्या बायका दारं किलकिली करून ऐकायच्या. माझं पाऊल पायरीवर वाजलं की आतून म्हणायचे, "आली." एवढ्या बारीक कानाचा माणूस. मग हळूहळू काय झालं कुणास ठाऊक. आवाज मोठा होत गेला आणि सूर पातळ होत गेला. वरच्या सुरात गाणं गेलं की कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसायचं. शेजारच्या बायका दारं लावून घ्यायला लागल्या. मी तंबाखूला दोष दिला. तंबाखू सुटली, सूर काही परत आला नाही.

दाराची घंटा वाजतेय आणि हे दाराला पाठ टेकून बसलेत. बाहेर पाहुणे ताटकळतायत. मी स्वयंपाकघरातून धावत येते तर हे मलाच विचारतात, "कुठे निघालीस?" मी एक सांगते, हे दुसरंच आणतात. साबण सांगितला तर सामान घेऊन येतात, तेही कसलं कुणास ठाऊक. एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडतात, असं मी माहेरी सांगत राहिले. माझी बहीण म्हणाली, "अगं, सगळ्यांचे नवरे तसेच असतात." डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टर म्हणाले, "वयोमानाने होतं." तेव्हा ह्यांचं वय चाळिशीच्या आसपास! मी डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. ते मात्र ठणठणीत ऐकत होते.

पुढे खांदा निकामी झाला आणि हे घरी बसले. निरोपाच्या दिवशी मालकांनी ह्यांना एक सुंदर पातेलं भेट दिलं. ते ह्यांनीच मठारलेलं होतं. हे घरी आणून मलाच कौतुकाने दाखवतात, "बघ कसं काम आहे!" घरी बसल्यावर माणूस शांत बसेल तर शपथ. टेबलावर ठोके, खिडकीवर ठोके, ताटाच्या कडेवर चमच्याने ठोके. मी उशांचे अभ्रे शिवते. माझ्या मशीनच्या टकटकीशी हे ताल धरायचे आणि माझी शिवण वाकडी व्हायची. एक दिवस मी म्हटलं, "अहो, कुठेतरी जा. काहीतरी शिका. पण या घरातून दिवसाचा एक तास तरी बाहेर व्हा."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक संगीत शाळा आहे. दिवसा तिथे मुलं शिकतात. संध्याकाळी वयस्क लोकांचा एक वर्ग असतो, त्याला परीक्षा नाही, कुणीही यावं. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला आणि निघाले. शाळा सुटली त्या वयात जे राहून गेलं ते आता करायला निघालेत, हे मला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं. डोळ्यात पाणी आलं माझ्या. ते फार दिवस टिकलं नाही म्हणा.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. गाण्याच्या बाई तरुण, किडकिडीत, केसात पेन्सिल खोचलेली, आणि स्वभावाने माझ्यासारख्याच, म्हणजे पटकन तापणाऱ्या. "तुमच्यासारखा तालाचा पक्का माणूस वर्गात नाही," असं त्या ह्यांना म्हणाल्या. ते वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं. आणि मग एक दिवस हे आले ते कपाळाला आठ्या घालून.

"पियानो बिघडलाय," म्हणाले.

"बाईंचा?"

"उजव्या टोकाच्या पट्ट्या गेल्यात. तारा तुटल्या असणार. दाबलं की नुसतं लाकूड वाजतं. ठक्. बाईंना सांगितलं तर म्हणतात, पियानो चांगलाय, तुम्ही लक्ष द्या. मी काय लक्ष देत नाही?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं.

"काय?"

मला ते पुन्हा, वरच्या पट्टीत म्हणावं लागलं. टोमणा दुसऱ्यांदा मारावा लागला की त्यातली निम्मी गंमत जाते. या माणसाला मी उभ्या आयुष्यात एकही टोमणा एकदाच मारून गप्प बसू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी हे वर्गाला जाताना हत्यारांची पिशवी घेऊन गेले. मला वाटलं, कुणाचं तरी नळाचं काम असेल. थोड्या वेळाने वाचनालयाचा शिपाई धापा टाकत आमच्या दारात. "बाईंनी बोलावलंय. तुमच्या मिस्टरांनी पियानो उघडलाय."

मी मशीनवरचा अभ्रा तसाच टाकून पळाले. वर जाऊन बघते तर पियानोचं झाकण वर केलेलं आणि हे कमरेपर्यंत आत. बाई हाताची घडी घालून उभ्या, चेहरा लाल. आणि भिंतीपाशी साक्षीदार! ह्यांनी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना गोळा करून आणलं होतं. सगळ्यात पुढे सुपारी. हा माणूस सुपारीएवढाच आहे आणि तितकाच टणक, म्हणून हे नाव. अंगाने वाढलाच नाही, त्यामुळे इतर पोरं मोठी होऊन भांड्यातून बाहेर आली तरी सुपारी पस्तिशीपर्यंत आतच बसायचा. त्याच्यामागे आणखी दोघं, हात मागे बांधून, पंच म्हणून आल्यासारखे गंभीर.

"सुपारी, तू ऐक," हे पियानोच्या आतून म्हणाले. "बाई, वाजवा."

बाईंनी शेवटची पट्टी दाबली.

"लाकूड," सुपारी म्हणाला.

"लाकूडच आहे," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने डोळे मिटून पुन्हा एकदा वाजवायला लावलं आणि निकाल दिला, "तार नाहीच त्यात."

"तार आहे! तुमच्या डोळ्यांसमोर आहे!" बाई किंचाळल्या. "मी काय वेडी आहे का?" मग मला बघून म्हणाल्या, "या. तुम्ही तरी ऐका हो."

मी जिने चढून धापा टाकत होते आणि मला सगळ्यांचाच राग आला होता. ह्यांचा, सुपारीचा, त्या बाईंचाही. बाईंनी पट्टी दाबली. ठक् असा लाकडाचा आवाज आला आणि त्याच्याबरोबर एक बारीक, स्वच्छ सूर. काचेच्या पेल्याला लहान चमचा लागावा तसा.

"वाजतंय की!" मी म्हटलं. "किती गोड वाजतंय!"

चौघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाईंना फितूर झालेय. हे पियानोतून बाहेर आले, नाकावर धूळ. "तू पण?" म्हणाले.

बाईंनी पट्टीवरचा हात काढला. त्यांचा राग कुठेतरी गेला होता. चौघांकडे एकेक करून बघत त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकाच कारखान्यातले?"

कुणालाच ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने विचारलं, तेव्हा चौघांनी छाती पुढे काढून माना हलवल्या.

मग बाईंनी एक केलं. त्या उजव्या टोकापासून एकेक पट्टी खाली उतरत आल्या आणि म्हणाल्या, लाकूड संपून सूर ऐकू आला की हात वर करा. आधी चौघं एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. एकाचा हात वर गेला. मग दुसऱ्याचा. बऱ्याच पट्ट्यांनंतर ह्यांचा. सुपारी हात खाली ठेवून उभाच. बाई उतरत राहिल्या, पट्टीमागून पट्टी, आणि हळूहळू कुणी हसेनासं झालं. शेवटी सुपारीने हात वर केला तेव्हा बाई पियानोच्या मध्याच्या जवळ आल्या होत्या. "झालं?" सुपारी म्हणाला. "मी जिंकलो की हरलो?"

उत्तर दिलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं.

बाई स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, "मुलांना दिवसाच्या वर्गात घेण्याआधी मी कानाची परीक्षा घेते. मी पट्टी वाजवायची, त्यांनी तो सूर लावून दाखवायचा. तुमच्या गल्लीतला एकही मुलगा कधी पास होत नाही. माझ्या गुरूंनी मला सांगितलं होतं आणि मी पुढे सांगत आले, की कान उपजत असतो. त्या गल्लीत ताल आहे पण सूर नाही, असं आम्ही इथे म्हणतो."

"म्हणतो म्हणजे?" मी म्हटलं. "आमची पोरं सुट्टी पडली की भांड्यात बसतात! तिथून उठून तुमच्याकडे येतात! आणि तुम्ही त्यांना नापास करून म्हणता, उपजत?"

"ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये! माझा आवाजच असा आहे!"

तेवढ्यात माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला, माझा आवाज असा का आहे ते. गल्लीतल्या सगळ्या बायकांचा असा का आहे ते. मी खाली बसले. इतकी वर्षं गावाने आम्हाला भांडकुदळ म्हटलं, आमच्या नवऱ्यांना बेसूर म्हटलं, आणि आम्हीसुद्धा ते खरं मानून एकमेकांनाच बोल लावत बसलो. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. ह्यांनी मला विचारलं, "पियानोला काय झालं म्हणतायत बाई?"

पुढच्या आठवड्यात बाई स्वतः कारखाना बघायला गेल्या. गेल्या तशाच बाहेर आल्या, दोन्ही कान दाबून. मग तडक मालकांकडे. मी सोबत होतेच. मालकांची कचेरी पूर्वी कारखान्यातच होती, आता ती मागच्या गल्लीत नेलीय. का, तर तिथे बसून त्यांचं डोकं दुखायचं. बाईंनी सगळं सांगितलं. मालक शांतपणे म्हणाले, "त्यांना सवय आहे हो."

"तेच तर सांगतेय," बाई म्हणाल्या.

मालक वाईट नाहीत. वाईट असते तर भांडायला तरी बरं पडलं असतं. त्यांनी लगेच कान झाकायची साधनं मागवली, दोन्ही कानांवर वाट्या बसतात तशी, आणि कारखान्यात खिळ्यांना ओळीने टांगली. "झालं ना समाधान?" म्हणाले. साधनं खिळ्यांना टांगलेली राहिली. एकानेही घालून बघितली नाहीत.

मी ह्यांना विचारलं, "तुमचे सोबती असे कसे? एवढं आणून दिलंय तर घालायला काय होतं?"

तर हे माझ्यावरच उखडले. "कान झाकून मठारायचं? तुला काय कळतंय? पत्रा कुठे जाड, कुठे पातळ, ते डोळ्यांना दिसत नाही. ठोक्याच्या आवाजावरून कळतं. पातळ झाला की आवाज बदलतो, तिथे हात हलका करायचा. नाही केला तर भोक. आणि दोघं ठोकत असले तर त्याचा ठोका ऐकूनच आपला टाकायचा, नाहीतर बोटं जातील. कान झाकून मठारणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. तू ओवतेस?"

म्हणजे बघा. काम कानावर चालतं आणि काम कानच खातं. ज्याचा कान चांगला तो चांगला कारागीर, आणि जो चांगला कारागीर त्याचा कान आधी जाणार. मला आधी मालकांचा राग आला होता, मग ह्यांचा आला, आता कुणाचा करावा तेच कळेना. गाण्याच्या बाई म्हणाल्या, यावर मोठ्या लोकांशी बोलायला हवं, जाणकार आणायला हवेत, भांड्याखाली रबर घालून आवाज कमी होतो का बघायला हवं. त्या बोलतायत अजून. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतायत. त्यांच्या केसातल्या पेन्सिली मात्र वाढल्यात.

पण माझा जीव पायऱ्यांवर नव्हता. माझा जीव माझ्या मुलात होता.

आमचा एकुलता एक. ह्यांचा खांदा गेला तेव्हा त्यांच्या बैठकीवर तोच बसला. बापासारखाच हात, कारखान्यात त्याला 'लहान घड्याळ' म्हणतात. लहानपणी सुट्टीत तोही भांड्यात बसला होता. मी स्वतः डबा देऊन पाठवायचे. त्याला एक छोटी मुलगी आहे, तिला खांद्यावर घेऊन गाणं म्हणत झोपवतो. गळा बापाचा. निदान मला तसं वाटत होतं. त्या दिवसापासून मी त्याच्या गाण्याला कान लावून बसायला लागले. आणि मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. सूनबाई. हळू बोलणारी, माहेरून लाजरीबुजरी आलेली पोर. ती आतल्या खोलीत मुलाला काहीतरी सांगत होती आणि तिचा आवाज चढलेला होता. भांडण नव्हतं. चहा देऊ का, एवढंच ती विचारत होती.

मी तिला बाजूला घेतलं. "तो ऐकत नाही का तुझं?"

"दमून येतो हो आई," ती म्हणाली. "एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडतो."

अगदी माझं वाक्य. शब्दसुद्धा तेच.

मालकांकडे एक दुसरं काम होतं. तयार भांडी गिऱ्हाइकांच्या कारखान्यात नेऊन बसवून द्यायची. त्यात हातोडा नाही. मी मुलाला म्हटलं, ते घे. तो म्हणाला, "आई, बाबांची जागा सोडू? मी काय हमाल आहे?" मी म्हटलं, कान जातील. तो म्हणाला, "माझे कान चांगले आहेत. मी काय बाबा आहे का?" रोज हेच. सकाळी मी, संध्याकाळी मी. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच म्हटलं, "चल, बाईंच्या पियानोसमोर उभा राहा. शेवटच्या पट्टीपर्यंत ऐकू आलं तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आलं तर हातोडा खाली ठेवायचा."

"तू तोंड उघडणार नाहीस?" तो म्हणाला. "मग उद्याच चल."

जीभ चावली मी. कारण मग माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःलाच कसं कोंडून घेतलंय. त्याला ऐकू आलं तर तो हातोडा सोडणार नाही आणि आज ना उद्या सुपारीच्या रांगेत उभा राहणार. आणि ऐकू आलं नाही तर हातोडा सुटेल, पण कान गेलेच. देवाला काय मागायचं तेही मला ठरवता येईना. अशी मुलखाची मूर्ख पैज कुणी लावतं?

परीक्षेच्या आधी सुपारी घरी आला आणि मुलाच्या कानाशी बसला. हळू बोलण्याचा त्याचा हेतू होता, पण सुपारीचं हळू बोलणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं. "लाकूड ऐकू आलं ना की लगेच हो म्हण," तो शिकवत होता. "सुराची वाटच बघू नको. ठक् झालं की हो." मी दारातून म्हटलं, "शाबास!" त्याने मान डोलावली, त्याला वाटलं मी चहा विचारतेय. मी जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी पट्ट्या जिथे खाली आपटतात तिथे जाड कापडाची घडी घालून ठेवली आणि म्हणाल्या, त्याला दूर उभं करीन आणि हलक्या हाताने वाजवीन, ठक् काही पोचणार नाही.

वर्ग रिकामा होता. ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. बाईंनी मुलाला पार पलीकडच्या भिंतीपाशी, पाठ करून उभं केलं. मी पियानोच्या बाजूला खुर्चीवर. हे बाईंच्या खांद्यामागे, पट्ट्यांकडे डोळे लावून. सूनबाई छोटीला घेऊन दारात.

बाईंनी मधून सुरुवात केली. मुलगा प्रत्येक सुराला हात वर करायचा आणि नुसता हात नाही, तो सूर गुणगुणून दाखवायचा. अगदी बरोबर. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. माझ्या गल्लीतलं पोर सुरात गात होतं आणि मला इतका अभिमान वाटला की पैज बिज सगळं विसरले. बाई वर सरकल्या. हात वर. आणखी वर. हात वर. छोटीने टाळ्या वाजवल्या, सूनबाईने तिला गप्प केलं. ह्यांना आता काही ऐकू येत नसावं, कारण ते बाईंचं बोट बघायचे आणि मग लगेच मुलाचा हात बघायचे, आणि हात वर गेला की त्यांचा चेहरा फुलायचा.

मग बाई शेवटच्या पट्ट्यांवर आल्या.

पहिली दाबली. बारीक सूर खोलीभर गेला. मुलाचा हात मांडीलगत तसाच राहिला.

बाईंनी तीच पुन्हा दाबली, जरा जोराने. मग पुढची. मग शेवटची. प्रत्येक सूर मला लख्ख ऐकू येत होता. छोटीला ऐकू येत होता, ती आईच्या खांद्यावरून पियानोकडे वळून बघत होती. मला खोकावंसं वाटलं. एकदा खोकले असते तर त्याला कळलं असतं, हात वर कर म्हणून. मी तोंडावर पदर धरला आणि खोकले नाही.

हे बाईंच्या बोटाकडे बघत होते. पट्टी खाली गेलेली त्यांना दिसत होती. आवाज झाला की नाही, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले. वाजतंय?

मी मान डोलावली.

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. थोडा वेळ वाट बघून तो कंटाळून म्हणाला, "बाई, थांबलात का? वाजवा की. मला कामावर जायचंय."

बाईंचं बोट पट्टीवर होतं. त्यांनी पुन्हा दाबली.

"वाजतंय रे," हे आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. "तुझ्या आईला ऐकू येतंय."